रणधीरसारखा माणूस

"हे प. आ. चौगुले साहेब कुठं भेटतील?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वडील, म्हणजे अण्णा, आत जरा आडवे झाले होते आणि मी गल्ल्यापाशी बसून परकराच्या कापडाच्या घड्या घालत होते. दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. एका कानाची पाळी चुरगळलेली, पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, हातात सांगलीचं एक साप्ताहिक सुरळी करून धरलेलं. त्याला ओळखत नाही असं आष्ट्यात कुणी नव्हतं. भूपाल मगदूम, आमच्या गावच्या कबड्डी संघाचा कप्तान.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"काम न्हाई तसं. त्येंनी ह्यात कबड्डीची गोष्ट लिवलीय. लई चुका हैत."

"कसल्या चुका?"

मला काय कळणार, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं बघितलं. पण चूक पोटात ठेवायची त्याला सवय नसावी. त्यानं सुरळी उलगडली आणि बोट ठेवलं.

"हे बघा. ह्यो रणधीर चढाईला गेला. बरं. ती मृणाल समोर बसलीया. बरं. त्यो म्हणं तिच्याकडं बघून गालातल्या गालात हसला. आता तुमीच सांगा, कबड्डी कबड्डी म्हणत माणूस हसंल कसा? हसला की दम तुटला. पंच तिथंच बाद देतोय. पुढं बघा. गडी टिपला आन पाठ फिरवून बाणासारखा पळत सुटला म्हणं. पाठ कोण फिरवतंय ओ? मागनं घोटा धरत्यात की. तोंड समोर ठेवूनच मागं सराय लागतंय." त्यानं दुकानातच दोन पावलं मागं सरून दाखवलं आणि धोतरांच्या गठ्ठ्यावर आपटला. "साहेबास्नी सांगा, एकदा मैदानावर येऊन बघा म्हणावं. मग लिवा."

"प. आ. म्हणजे पद्मजा आदगोंडा," मी म्हटलं. "मीच."

त्यानं साप्ताहिकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या मांडीवरच्या फुलाफुलांच्या कापडाकडं बघितलं. मग सावकाश सुरळी परत गुंडाळली.

"मग हसला तर हसू दे," तो म्हणाला.

या गोष्टीला आता पस्तीसेक वर्षं झाली. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. बी.ए. होऊन घरी बसलेली, म्हणजे दुकानात बसलेली. 'एका दमात' ही माझी पहिली कादंबरी, दर आठवड्याला एक प्रकरण छापून यायचं. रणधीर तिचा नायक. घारे डोळे, रुंद छाती, बुलेट मोटरसायकल आणि बोलायला लागला की शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू. खऱ्या भूपालकडं चुलत्याची सायकल होती आणि तिलाही ब्रेक बेताचेच. पण रणधीर मी त्याच्यावरूनच उभा केला होता. जैन मंदिराच्या शेजारीच मैदान होतं आणि संध्याकाळी देवाला जाते म्हटल्यावर मला कोण अडवणार? त्या वर्षी माझी भक्ती फार वाढली होती. चढाईला जाण्याआधी भूपाल त्या चुरगळलेल्या कानाला एक हिसडा द्यायचा. ती लकब मी जशीच्या तशी रणधीरला दिली होती. तेवढ्यावरून चौथ्या प्रकरणाला सगळं गाव काय ते समजलं. पोरं भूपालला रस्त्यात रणधीर म्हणून हाका मारायला लागली. समजला नव्हता तो एकटा भूपालच. त्याला वाटायचं, रणधीर म्हणजे कुणीतरी मुंबईचा खेळाडू आहे आणि लेखकाला कबड्डी कळत नाही.

पुढचं प्रकरण लिहायच्या आधी मी मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले. तो सराव संपवून, गुडघ्याची माती झाडत माझ्यापाशी आला.

"आता सांगा, काय काय चुकतं माझं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून तो मला खेळ शिकवायला लागला. शिकवायला म्हणजे लांब उभं राहून, चारचौघांत, मधे देवळाची भिंत ठेवून. मला हाक काय मारायची हा त्याच्यापुढं मोठाच पेच होता. आमच्या गावात परक्या मुलीला अक्का म्हणतात, आणि मला अक्का म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. नुसतं नाव घ्यायची सोय नव्हती. मग तो 'ओ' वर भागवायचा. "ओ, हिकडं बघा." "ओ, त्येच्या तोंडाकडं काय बघतायसा? तोंड खोटं बोलतंय. हात बघा, पाय बघा." मी हात बघायला शिकले. कुठला गडी नुसती हूल देतोय आणि कुठला खरंच पायाला झेपावणार आहे, हे मला हळूहळू कळायला लागलं. त्याचेही हात मी बघायची. रणधीरचं वर्णन करताना मी 'पोलादी मनगटं' असं काहीतरी ठोकून दिलं होतं. भूपालची मनगटं तशी बारीकच होती आणि मोडून परत सरळ न बसलेली बोटं सगळी वेगवेगळ्या दिशांना गेलेली. मला ती बोटं फार आवडायची.

नवव्या प्रकरणात मी रणधीरला अडचणीत टाकलं. प्रतिस्पर्ध्याचा निसटता स्पर्श त्याला झाला, पंचांना दिसला नाही, प्रेक्षकांना दिसला नाही. रणधीरनं स्वतःहून हात वर केला आणि मैदानाबाहेर गेला. कबड्डीत हे करणारे असतात. चांगला गडी आपण बाद झालो की आपणच हात वर करून चालायला लागतो, शिट्टीची वाट बघत नाही. भूपालनंच मला हे सांगितलं होतं. मी त्यात मृणालचे भरून आलेले डोळे घातले, सूर्यास्त घातला, आणि ते प्रकरण भलतंच गाजलं. शाळेत एका मास्तरांनी ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे.

भूपाल ते वाचून आला.

"काय चुकलं?" मी विचारलं.

"न्हाई, चुकलं काय न्हाई. हे बराबर हाय."

"मग?"

"रणधीर लई चांगला माणूस हाय ओ." तो भिंतीवरचा चुना नखानं काढत होता. "मी आपलं खरं सांगतो. मी दोन-चारदा गप बसलोय. लागलेलं असतंय, पंचाचं ध्यान नसतंय. आपण आपलं दुसरीकडं बघायचं. रात्री जरा झोप येत न्हाई. पण गप बसलोय."

मी हसले. "रणधीर नाही हो गप्प बसणार," मी म्हटलं. लेखिकेला आपल्या नायकाचा जेवढा अभिमान असायला हवा, तेवढा माझ्या आवाजात असणारच.

"व्हय," तो म्हणाला. "त्यो न्हाई बसायचा."

थंडी सरता सरता जयसिंगपूरचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट, घरचं बरं, पत्रिका जुळलेली. अण्णांना पसंत होतं. मला काय वाटतं हे विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? मी भूपालला सांगितलं. नुसतं एवढंच, की जयसिंगपूरकर मला बघून गेले.

तो मग म्हणाला, "मी अण्णास्नी इचारू?"

"काय?"

"आता काय ते मृणाललाच इचारायचं राहिलंय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. तेव्हा मला कळलं की रणधीर कोण हे त्याला केव्हाच कळून चुकलं होतं.

"विचारा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत एकदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेला सदरा घालून दुकानात आला. मी आतल्या दाराआड उभी होते. अण्णा कापड फाडत होते. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, कापडाची घडी घालून गिऱ्हाइकाला दिली, गिऱ्हाईक गेल्यावर बोलले.

"भूपाल, तू आपल्यातला. घराणं मला माहीत हाय. पोरगा वाईट न्हाईस. पण खेळून पोट भरत न्हाई रे बाबा. दीड एकरात तुमी तिघं भाऊ."

"मुंबईच्या कंपनीची माणसं यायलीत, अण्णा. फायनल बघाय. त्यांच्या संघात एक जागा हाय. कायमची नोकरी."

"तुला घेणार?"

"जिंकंल त्या संघाचा कप्तान घेणार म्हणालेत. फायनल आमची आन इस्लामपूरची हाय."

अण्णा हिशेबी माणूस, पण शब्दाचे पक्के. ते म्हणाले, "नोकरी लागली तर जयसिंगपूरला मी नको म्हणून कळवतो. मांडव माझ्या दारात. न्हाई लागली तर परत ह्या गोष्टीवर बोलायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

तो पायऱ्या उतरून गेला. मी दाराआड तशीच उभी राहिले. इस्लामपूरचा कप्तान तानाजी, त्याला यंदा दोनदा भूपालनं पाणी पाजलं होतं. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात मुंबईत खोलीसुद्धा घेतली आणि खिडकीला पडदे लावले.

फायनल बाजाराच्या मैदानावर, दुपार कलल्यावर सुरू झाली. झाडांवर, ट्रॉल्यांवर, सोसायटीच्या गच्चीवर माणसं. बायकांसाठी एका कोपऱ्यात सतरंजी अंथरलेली. मी पहिल्या रांगेत, चुन्याच्या रेषेपासून हातभर अंतरावर. मुंबईची दोन माणसं समोर खुर्च्यांवर बसली होती, पांढऱ्या टोप्या आणि काळे चष्मे घालून. भूपालनं त्यांच्याकडं एकदा बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

सामना फार चुरशीचा झाला. सगळा सांगत बसत नाही. शेवटी शेवटी अशी वेळ आली की आम्ही एका गुणानं पुढं होतो, पण मैदानात आमचा एकटा भूपाल उरला होता, बाकीचे सगळे बाद. तो बाद झाला की संघ संपला, म्हणजे लोण, आणि लोणाचे दोन गुण वर. वेळ संपत आली होती. शेवटची चढाई इस्लामपूरची. तानाजी आला.

भूपालला त्याला पकडायची गरजच नव्हती. अंग चोरायचं, एवढंच. तानाजी डावीकडून आला, भूपाल मागं सरला. तानाजीनं पाय टाकला, भूपालनं तो चुकवला. मैदानात सूं की चूं नाही, नुसतं तानाजीचं कबड्डी कबड्डी. मग दम संपत आल्यावर तानाजी सगळं अंग टाकून झेपावला, आमच्या सतरंजीच्या बाजूला, आणि भूपाल कमरेत वाकून बाजूला झाला. तानाजीच्या हाताला नुसती हवा लागली असंच सगळ्या मैदानाला दिसलं. तो तसाच मागं सरत रेषेपार गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्यानं गुण मागितला नाही. पंचांनी रिकामी चढाई दिली. लगेच वेळ संपल्याची लांब शिट्टी झाली.

गाव मैदानात घुसलं. हलगी सुरू झाली. कुणीतरी गुलालाची पिशवीच फोडली. आणि त्या सगळ्यांच्या मधे भूपाल होता तिथंच उभा होता. त्यानं कानाला हिसडा दिला. मग उजवा हात वर केला.

आधी लोकांना वाटलं, जिंकल्याचा हात आहे. खांद्यावर घ्यायला चौघं धावले. तो त्यांना बाजूला करत पंचांपाशी गेला आणि त्यांना आपली करंगळी दाखवली. पंचांनी त्याला दोनदा विचारलं. हलगी थांबली. तानाजी तोंड उघडं टाकून बघत राहिला. पंचांनी इस्लामपूरच्या बाजूला हात केला, एक, आणि लोणाचे दोन.

"रणधीर!" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या सुरू झाल्या. आष्टेकरही टाळ्या वाजवत होते, इस्लामपूरकरही. माझ्या शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "अगदी तुझ्या गोष्टीतल्यासारखं गं." मुंबईच्या दोघांनी उठून भूपालचा हात हातात घेतला, पाठ थोपटली, असा खेळाडू बघितला नाही म्हणाले. मग त्यांनी तानाजीला बाजूला बोलावून त्याचं नाव-गाव विचारलं. सगळं रीतसर झालं, कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती.

मैदानामागं पाण्याचा नळ होता. गर्दी पांगल्यावर मी तिकडं गेले. कोण बघतंय याची मला पर्वा राहिली नव्हती. भूपाल वाकून कोपरं धूत होता. त्याच्या केसांत थोडा गुलाल होता. मला बघून तो सरळ झाला आणि हसला, उडालेल्या दातासकट. असं हसताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. त्याला वाटत होतं, मी त्याची पाठ थोपटायला आले आहे.

"लागलं होतं?" मी विचारलं.

"करंगळीला. नखाचं टोक."

"पंचांना दिसलं नाही."

"न्हाई."

"तानाजीलासुद्धा कळलं नाही."

"न्हाई. माझं मलाच."

"मग?"

तो नळाकडं बघत म्हणाला, "मनात आलं हुतं. दुसरीकडं बघावं म्हणून. खोटं कशाला बोलू. पर तुमी समोर बसलेला. म्हटलं, नोकरी लागंल, लगीन हुईल, आन जल्मभर ह्या बाईच्या मनात त्यो रणधीर. आन तिच्या घरात हात खाली ठेवलेला मी. रोज तिच्यासमोर बसून जेवणार कसं? न्हाईच मिळाली तर न मिळू दे, पर एकदा तरी तुमाला वाटावं, ह्यो त्येच्यासारखा हाय."

नळ चालूच होता.

"मला दिसलं होतं," मी म्हटलं.

"काय?"

"करंगळीला लागलेलं. मी तुमच्या हाताकडंच बघत होते. हातभर अंतरावर तर होते."

"मग?" आता त्यानं विचारलं.

"मग मी देवाला म्हणत होते, हा माणूस गप्प राहू दे. हात खाली राहू दे. आयुष्यात दुसरं काही मागणार नाही म्हणत होते. तुम्ही मला भिंतीपाशी सांगितलंत ना, गप्प बसलोय म्हणून, रात्री झोप येत नाही म्हणून? त्याच दिवशी मी तुमची झाले. रणधीर मी साप्ताहिकासाठी लिहिला हो. घरात नको होता मला."

भूपाल माझ्याकडं बघत राहिला. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं होतं. पाणी त्याच्या पावलांवरून वाहत होतं.

"आदी सांगायचं की," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. भाजीला मीठ जास्त झालं तर सांगावं तसं.

मग तो वाकला आणि त्यानं नळ बंद केला. सूर्य मंदिराच्या शिखरामागं टेकला होता. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि अण्णांचं पान मीच वाढायची.

"जावा आता," तो म्हणाला. "अण्णा जेवाय थांबले असतील."

मी गेले. अण्णांनी जेवताना काही विचारलं नाही. त्यांनी सामना बघितला होता. पान संपवून उठताना म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय." आणि चूळ भरायला गेले. दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि कबूल केल्याप्रमाणे भूपालही त्या गोष्टीवर कधी परत आला नाही.

वैशाखात माझं लग्न झालं. केमिस्ट चांगला निघाला, आजही चांगला आहे. 'एका दमात' मी जयसिंगपूरला बसून पुरी केली. शेवटी रणधीर जिंकला, मृणालला बुलेटवर बसवून घेऊन गेला, आणि पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. भूपालनं पुढं शेती केली, गावातल्या पोरींचा संघ तयार केला असं कानावर आलं. मी माहेरी जाते तेव्हा देवाला जाते, पण सकाळी जाते. त्या वेळी मैदान रिकामं असतं.

अजूनही कुठल्या वाचनालयात, महिला मंडळात बोलायला गेले की एखादी मुलगी उठून विचारतेच, रणधीरसारखा माणूस खरोखर असतो का हो? मी हो म्हणते. असतो. मुली टाळ्या वाजवतात, एकमेकींकडं बघून हसतात, आणि मी पुढच्या प्रश्नाकडं वळते.

मला तो भेटला तो एकदाच, त्या संध्याकाळी, हात वर केलेला. त्याआधी वर्षभर भिंतीपलीकडून मला खेळ शिकवायचा तो दुसराच कुणी होता. त्याची मला अजून रोज आठवण येते.